संकटग्रस्त राष्ट्रे आणि इतिहासाची शिकवण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत उभे आयुष्य घालवलेला एक निवृत्त शिक्षक. अर्थशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु इतिहास हा विषय मी सुमारे पस्तीस वर्षे शिकवला. शिकवता शिकवता जे वाचले आणि वाचता वाचता जे मनात रुजले, ते आपल्यापुढे ठेवण्यास हरकत नसावी, असे समजून मी उभा आहे. विषय मोठा आहे व वक्ता लहान आहे. हे अंतर आपण सांभाळून घ्यावे, ही प्रारंभीच विनंती.

वर्गात मुले मला नेहमी एक प्रश्न विचारीत, "गुरुजी, जे होऊन गेले ते पाठ करून उपयोग काय?" मी त्यांना सांगत असे की, नदीला पूर केव्हा येईल हे इतिहास सांगत नाही, पण मागच्या पुरात पाणी कोठवर चढले होते त्याची खूण तो भिंतीवर करून ठेवतो. त्या खुणेच्या खाली ज्याने घर बांधले, त्याला पुढे नदीला दोष देता येत नाही. आज अशा चार-पाच खुणा आपण मिळून पाहू.

पहिली खूण जर्मनीतील आहे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा अमेरिकेच्या एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडत. युद्धाचा खर्च अफाट होता. तो जनतेकडून कररूपाने घ्यावा, तर लोक नाराज होणार. म्हणून सरकारने मुख्यतः कर्जरोखे काढले व नोटांचा सोन्याशी असलेला संबंध तोडून टाकला. युद्ध जिंकले की पराभूत शत्रूकडून सारे वसूल करू, हा त्यामागील हिशेब. तो चुकला. १९१८ साली जर्मनी हरला, आणि वसुली करण्याऐवजी देण्याचीच वेळ त्याच्यावर आली. व्हर्सायच्या तहानुसार १९२१ मध्ये युद्धखंडणीचा आकडा १३,२०० कोटी सुवर्णमार्क असा ठरवण्यात आला. एवढा बोजा लादल्याने युरोपाचेच अहित होईल, असा इशारा केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१९ सालीच दिला होता. परंतु विजयाच्या भरात शहाणपणाचे बोल कोणाच्या कानी शिरतात?

१९२३ च्या जानेवारीत हप्ते थकल्याचे कारण दाखवून फ्रान्स व बेल्जियम यांनी जर्मनीच्या रूर या कोळशाच्या व पोलादाच्या प्रांतात सैन्य घुसवले. जर्मन सरकारने असहकार पुकारला. काम सोडून बसलेल्या मजुरांना वेतन तर द्यावयाचे, पण तिजोरी रिकामी. तेव्हा छापखाने रात्रंदिवस चालू झाले. कामगारांना रोजच्या रोज वेतन दिले जाऊ लागले, कारण सकाळच्या पैशाला संध्याकाळी किंमत राहत नसे. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरचा भाव ४ लक्ष २० हजार कोटी मार्क झाला! हा आकडा मी फळ्यावर लिहून दाखवीत असे, तेव्हा मुले हसत. परंतु, बंधुभगिनींनो, ज्यांच्यावर तो ओढवला त्यांना हसू आले नसेल.

या प्रसंगी बुडाले कोण, हे नीट पाहिले पाहिजे. ज्यांनी कर्जे काढून जमिनी व कारखाने घेतले होते, त्यांची कर्जे रद्दी कागदांच्या भावाने फिटली. बुडाला तो पै पै साठवणारा मनुष्य. निवृत्त शिक्षक, कारकून, विधवा, देशभक्तीने युद्धकर्जाचे रोखे घेणारा गृहस्थ, हे सारे बुडाले. आयुष्यभराच्या ठेवीत पावाची एक लादीही येईना. काटकसर हा सद्गुण आहे असे ज्यांना शाळेत शिकवले होते, त्यांनाच राष्ट्राने शिक्षा केली. अशा माणसाचा विश्वास एकट्या नोटेवरून उडत नाही, तो कायद्यावरून आणि राज्यकर्त्यांच्या शब्दावरूनही उडतो. त्याच नोव्हेंबर महिन्यात म्युनिक शहरी हिटलरने बंडाचा पहिला प्रयत्न केला, हा योगायोग नव्हे.

आणि तरीही ही आग विझली. स्ट्रेसमान या मुत्सद्द्याने लोकांना अप्रिय असा निर्णय घेऊन सप्टेंबर १९२३ मध्ये रूरमधील असहकार मागे घेतला. १५ नोव्हेंबर रोजी 'रेंटेनमार्क' नावाचे नवे चलन निघाले. जुन्या १ लक्ष कोटी मार्कांना नवा १ मार्क! या चलनामागे जमिनीचे व उद्योगांचे तारण आहे असे जाहीर झाले होते. पण नोट घेऊन कोणी शेताचा तुकडा मागायला जाऊ शकत नव्हता. चलन टिकले ते दुसऱ्या कारणाने. किती नोटा निघणार त्याची मर्यादा आधी सांगितली गेली आणि सांगितलेली मर्यादा पाळली गेली. पुढे सरकारनेच अधिक उचल मागितली, तेव्हा ती नाकारण्यात आली. स्वतःच्या धन्याला 'नाही' म्हणणारा खजिनदार मिळाला, म्हणून लोकांचा विश्वास परत आला. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

दुसरी खूण त्याच देशातील, पण उलट्या बाजूची आहे. १९२४ नंतर जर्मनी सावरला तो बव्हंशी अमेरिकेतील उसन्या पैशावर. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि सावकाराने हात आखडता घेतला. कारखाने बंद पडू लागले. मार्च १९३० मध्ये जर्मनीत चार-पाच पक्षांचे संयुक्त मंत्रिमंडळ होते. बेकारांच्या विम्याची वर्गणी अर्ध्या टक्क्याने वाढवावी की न वाढवावी, या वादात ते मोडले! घरात आग लागली असता पाण्याच्या घागरीला कोणी हात लावावा यावर भाऊ भांडत बसले, तशी ही गत. त्यानंतर लोकसभेचे बहुमत पाठीशी असलेले मंत्रिमंडळ त्या प्रजासत्ताकात पुन्हा झालेच नाही. राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालू झाला.

नवे प्रधानमंत्री ब्रूनिंग हे प्रामाणिक व कष्टाळू गृहस्थ होते. १९२३ च्या महागाईची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. त्यांनी पगार कापले, कर वाढवले, बेकारांचे साहाय्य कमी केले. मागील दुखण्याचे औषध त्यांनी नव्या दुखण्याला दिले. ताप उतरवण्याचा काढा थंडीने काकडणाऱ्या माणसाला पाजावा, तसे झाले. १९३० च्या प्रारंभी बेकार सुमारे ३० लक्ष होते. १९३२ च्या प्रारंभी ते ६० लक्षांवर गेले. आता दुसरे आकडे यांच्या शेजारी ठेवून पाहा. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला १२ जागा होत्या. सप्टेंबर १९३० मध्ये १०७ झाल्या. जुलै १९३२ मध्ये २३०. उपाशी मनुष्य तत्त्वज्ञान ऐकत नाही; जो मोठ्याने बोलतो आणि शत्रू बोटाने दाखवतो, त्याच्या मागे तो जातो. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर प्रधानमंत्री झाला, आणि २३ मार्चला लोकसभेने आपले अधिकार स्वहस्ते त्याच्या स्वाधीन केले. पुढील बारा वर्षांत काय घडले ते आपण जाणतोच.

येथे कोणी म्हणेल, की संकटच एवढे मोठे होते, माणसे तरी काय करणार? म्हणून तिसरी खूण दाखवतो. तिचा महिना व साल तेच आहे. ४ मार्च १९३३ रोजी अमेरिकेत रूझवेल्ट अध्यक्षपदी आले. तेथेही काम करणाऱ्या चारांपैकी एक जण बेकार होता. बँका धडाधड बुडत होत्या. लोक दारापुढे रांगा लावून ठेवी काढत होते. रूझवेल्टांनी देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवल्या. ९ मार्चला कायदा झाला. त्यानुसार तपासणी होऊन ज्या बँका धडधाकट ठरतील, त्यांनाच दार उघडण्याची परवानगी मिळणार होती. १२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्टांनी आकाशवाणीवरून भाषण केले. बँकेत ठेवलेला पैसा कोठे जातो, तो एकाच दिवशी सर्वांना का परत देता येत नाही, काय बिघडले आहे व उद्यापासून काय होणार, हे त्यांनी शाळामास्तरासारखे सोप्या भाषेत सांगितले. सोमवारी बँका उघडल्या, तेव्हा पुन्हा रांगा लागल्या. पण त्या पैसे परत भरणाऱ्यांच्या होत्या! त्याच वर्षी लहान ठेवीदारांच्या ठेवींना विम्याचे संरक्षण देणारा कायदा झाला.

रूझवेल्टांनी मंदी चुटकीसरशी घालवली असे मी म्हणत नाही. बेकारी पुढे कित्येक वर्षे राहिली. परंतु लोकशाही राहिली, कायदा राहिला, आणि शेजाऱ्याला शत्रू ठरवून त्याच्या घरावर दगड मारावेत असे राज्यकर्त्यांनी लोकांना शिकवले नाही. एकाच वादळात दोन गलबते सापडली. एक बुडाले, एक तरले. वादळ सारखे असता फरक पडला तो सुकाणूवरील हाताने.

जर्मनीची कथा संपवण्यापूर्वी एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनी पुन्हा कर्जात बुडालेला होता. या वेळी सावकार राष्ट्रांनी १९१९ ची चूक केली नाही. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडन येथे करार होऊन जुन्या कर्जाचा सुमारे निम्मा भाग सोडून देण्यात आला, व उरलेल्याचे हप्ते त्या देशाला झेपतील असे बांधण्यात आले. ऋणको जगला तरच धनकोला पैसा मिळतो, हे गावच्या सावकाराला ठाऊक असलेले सत्य मोठ्या राष्ट्रांना कळण्यास दोन महायुद्धे व्हावी लागली.

आता दूरचे सोडून आपल्या घरी येऊ. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. एक पिढी कापली गेली. जून महिन्यात नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते पाहा. वडिलांच्या व आजोबांच्या काळापासून चालत आलेले कर्ज, निजामाची स्वारी, दक्षिणेत हैदर, आणि घरात सत्तेसाठी झुरणारे चुलते. पुण्यावर निजामाची धाड येऊन शहर जळाले. तरी १७६३ च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, आणि दहा वर्षांच्या आत उत्तरेत मराठ्यांचा दरारा पुन्हा बसला. हे एकट्या तलवारीने झाले नाही. माधवरावांनी न्यायासनावर रामशास्त्र्यांसारखा पुरुष बसवला, जो प्रसंगी खुद्द पेशव्यांनाही चार शब्द सुनावण्यास कचरत नसे. अधिकाऱ्यांनी रयतेकडून वेठ घेण्याच्या चालीला त्यांनी आळा घातला. हिशेबात अफरातफर करणारा कितीही मोठा असला तरी त्याची गय केली नाही. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे क्षयाने ते वारले, तेव्हा वय अवघे सत्तावीस. मृत्यू समोर दिसत असताना त्यांनी पुढील कारभारासाठी जी कलमे लिहवून घेतली, त्यांत सरकारचे कर्ज फेडण्याची चिंता होती. मरणाऱ्या माणसाला संततीची चिंता असते, संपत्तीची चिंता असते. पण देण्याची चिंता वाहणारा राज्यकर्ता विरळाच!

याच्या उलट चित्र दुसऱ्या बाजीरावाच्या काळाचे आहे. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह करून त्याने गादी राखली, पण राज्य दुसऱ्याच्या पदरी बांधले. महसुलाचे महाल तो जास्त बोली बोलणाऱ्याला इजाऱ्याने देऊ लागला. इजारदाराला ठाऊक असे की, पुढल्या वर्षी दुसरा कोणी अधिक बोली बोलला की आपण गेलो. तेव्हा हाती आलेल्या वर्षात रयत पिळून घ्यावी. विहीर बांधावी, बांध घालावा, दुष्काळात सूट द्यावी, हे कोणाला सुचणार? बाजीरावाची खाजगी तिजोरी भरत गेली आणि मुलूख रिता होत गेला. १८१८ साली राज्य गेले, तेव्हा कुणब्याच्या झोपडीत त्यासाठी चूल बंद राहिली असेल असे मला वाटत नाही. ज्या राज्याने रयतेला आधीच विकले, त्याच्यासाठी रयतेने का रडावे?

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट. १९९१ साली मी तेहेतीस वर्षांचा होतो, एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो. आधीची काही वर्षे सरकारचा खर्च उत्पन्नाहून फार वाढला होता. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेलाचे भाव भडकले, आखातातून आपली माणसे घरी पाठवीत तो पैसा आटला. दिल्लीत सरकारे बदलत होती. फेब्रुवारीत पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. परकीय चलन इतके कमी झाले की दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले. मे महिन्यात सरकारजवळचे २० टन सोने परत विकत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला देण्यात आले. जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या बँकांकडे तारण ठेवण्यात आले.

आमच्या शाळेत त्या दिवशी वर्तमानपत्र वाचून वयोवृद्ध मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आले. देशाचे सोने गहाण पडले! मला मात्र त्याचा अर्थ निराळ्या रीतीने कळला. कारण त्याच वर्षी आईच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्या पत्नीच्या पाटल्या मी सराफाकडे ठेवल्या होत्या. दागिना गहाण ठेवण्यात लाज नाही, आई वाचली. पण त्या रात्री मी वही घेऊन बसलो आणि आपल्यावर ही पाळी का आली ते लिहून काढले. बहिणीच्या लग्नात लोकांनी नाव काढावे म्हणून केलेला खर्च, फेडीचा विचार न करता घेतलेली मोटारसायकल, हे सारे त्या वहीत उतरले. पाटल्या सोडवायला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत पत्नी एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली नाही, म्हणूनच मी विसरलो नाही.

राष्ट्रानेही वही काढली. जूनमध्ये प्रधानमंत्री झालेले नरसिंह राव हे काठावरच्या सरकारचे प्रमुख. आपल्या मराठीशी त्यांचे नाते मोठे. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. त्यांनी मनमोहन सिंग यांना अर्थमंत्री केले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे मूल्य दोनदा घटवण्यात आले, २४ जुलैला नवा अर्थसंकल्प आला. परवान्यांच्या बेड्या सैल झाल्या, परदेशी व्यापाराची दारे उघडली. या धोरणाने काहींचे भले झाले, काहींचे हाल झाले. मतभेद आजही आहेत व ते असावेत. परंतु तीन गोष्टी निर्विवाद आहेत. देणे बुडवले नाही, निवडणुका थांबल्या नाहीत, आणि स्थिती खरोखर काय आहे ते संसदेत उघड सांगितले गेले. गहाण सोने सुटले. आणि २००९ साली याच देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. १९४४ साली तो निधी स्थापन करण्याच्या परिषदेस हिंदुस्थानच्या बाजूने जे गेले होते, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख होते, हेही अभिमानाने सांगावेसे वाटते.

शेवटची खूण शेजारच्या श्रीलंकेची. २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने लोकप्रियतेसाठी कर एकदम उतरवले. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. पुढल्याच वर्षी महामारी आली, प्रवासी येईनासे झाले. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली गेली. भाताचे व चहाचे पीक घसरले, आणि नोव्हेंबरात तो हुकूम मागे घ्यावा लागला. तज्ज्ञ सावध करीत असता, आपण कोणापुढे वाकत नाही हे दाखवण्यासाठी हप्ते भरत राहिले. एप्रिल २०२२ मध्ये, १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर प्रथमच, परदेशी देणे देता येत नाही असे त्या देशाने जाहीर केले. जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. भारताने त्या वर्षी सुमारे ४०० कोटी डॉलरचे साहाय्य केले, हे शेजारधर्माला धरूनच झाले. माझ्यासारख्या शिक्षकाच्या मनात मात्र एक लहानशी बातमी घर करून राहिली आहे. त्या मार्च महिन्यात कोलंबोच्या प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. राज्यकर्त्यांनी चुकीचे गणित मांडले, आणि परीक्षा मुलांची राहिली.

बंधुभगिनींनो, या साऱ्या खुणांवरून काय घ्यावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे सार असे आहे. पहिले, हिशेब झाकला की रोग वाढतो. दुसरे, बोजा एकाच वर्गाच्या पाठीवर टाकला की घर मोडते. मग तो वर्ग ठेवीदारांचा असो, बेकारांचा असो की रयतेचा असो. तिसरे, प्रत्येक दुखणे निराळे असते. मागच्या भीतीने पुढचे औषध ठरवू नये. चौथे, संकटात भाऊ भांडले की तिसऱ्याचे फावते. आणि पाचवे, जो 'नाही' म्हणतो त्याला शत्रू समजू नये.

हे सारे राष्ट्रांसाठी झाले. आपल्या लहानशा मंडळाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो सांगताना मला माझेच एक पाप आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी या मंडळाचा कोषाध्यक्ष होतो. त्या वर्षी संमेलनात अनेकांनी देणग्या जाहीर केल्या. पैसे हाती आले नव्हते. तरी अहवाल भरघोस दिसावा म्हणून मी ती रक्कम 'जमा' या बाजूला धरली. टाळ्या झाल्या, हार पडले. जून उजाडला, तेव्हा अकरा विद्यार्थ्यांना साहाय्य मंजूर होते आणि पैसे होते सातांपुरते. चौघांना 'थांबा' म्हणून सांगितले. तिघे थांबले. चौथा तंत्रनिकेतनात प्रवेश मिळवून बसला होता. शुल्काची मुदत टळली आणि तो एका दुकानात कामाला लागला. पुढे तो मला भेटला, वाकून नमस्कार केला, आणि मुलीचे नाव सांगून म्हणाला, "गुरुजी, हिच्या वेळी आधी सांगा, म्हणजे मी सोय करीन." त्याने मला दोष दिला नाही. ही हकीगत मी आजवर कोणत्याही सभेत सांगितली नव्हती. जर्मनीच्या अर्थमंत्र्याला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न स्वतःला पडला, म्हणून आज सांगितली.

यंदा आपल्यापुढे सभागृहाची योजना आहे. वास्तू व्हावी अशी माझीही इच्छा आहे. कार्यकर्त्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. परंतु विद्यार्थी साहाय्य निधीच्या मुदत ठेवी तारण ठेवून बँकेचे कर्ज काढावे, अशी जी सूचना आहे, तिला माझा नम्र विरोध आहे. सभागृहाच्या भाड्यातून हप्ते फिटतील, असे सांगितले जाते. फिटतीलही. पण न फिटले तर? जर्मनी म्हणाला होता, जिंकू आणि वसूल करू. मी म्हणालो होतो, देणग्या येतीलच. सभागृह दोन वर्षे उशिरा झाले तर आपले काही अडणार नाही. विद्यार्थ्याचे एक वर्ष गेले, तर ते परत येत नाही. बियाण्याच्या कणगीला हात लावून जेवणावळ घालू नये, हे आपल्या आजे-पणज्यांनी दुष्काळात पाळले आहे.

माझ्या तीन विनंत्या आहेत. मंडळाचे जमाखर्च, येणे व देणे निरनिराळे दाखवून, ठराव मतास टाकण्यापूर्वी छापून प्रत्येक सभासदाच्या हाती द्यावेत. सभागृहासाठी निराळा निधी उभारावा, व त्यात ज्याची जेवढी शक्ती तेवढी वर्गणी असावी. माझे एक महिन्याचे निवृत्तिवेतन मी आजच त्यासाठी कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे, जाहीर करून ठेवत नाही. आणि विद्यार्थी निधीला कोणत्याही कारणास्तव तारण ठेवता येणार नाही, असे कलम घटनेत घालावे. म्हणजे पुढील कोषाध्यक्षाला 'नाही' म्हणताना कलमाचा आधार राहील. माझ्यासारखा दुबळा मनुष्य त्या खुर्चीवर बसला तरी निधी सुरक्षित राहावा, एवढाच त्यातील हेतू.

ठराव काय होईल तो आपल्या सर्वांच्या विचाराने होईल, आणि जो होईल तो मला शिरसावंद्य आहे. मत विरुद्ध पडले म्हणून मी घरी बसणार नाही. अर्ध्या टक्क्यासाठी घर मोडणाऱ्यांची कथा मीच आपल्याला आता सांगितली.  

जय हिंद, जय महाराष्ट्र.